कमी, पण कशाच्या मानाने?

पत्राचा सारांश

एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात अनेक वर्षे काम करणारे एक वाचक लिहितात की, संस्थेचा वार्षिक अहवाल मराठीत लिहिण्याचे काम त्यांच्याकडे असते. यंदा अध्यापकांची माहिती गोळा करताना त्यांच्या लक्षात आले की ४० अध्यापकांत ९ स्त्रिया आहेत आणि सहा विभागप्रमुखांत एकच. विद्यार्थ्यांत मात्र मुली निम्म्याहून जास्त आहेत. ही गोष्ट अहवालात यावी असे त्यांना वाटले. प्रथम त्यांनी ‘अध्यापकवर्गात स्त्रिया अल्पसंख्याक आहेत’ असे लिहिले. ‘अल्पसंख्याक म्हणजे निराळे काहीतरी’ असे म्हणून प्राचार्यांनी ते खोडले. मग त्यांनी स्त्रियांना ‘वंचित घटक’ म्हटले, तेव्हा गणिताच्या एक अध्यापिका कार्यालयात येऊन म्हणाल्या, “भाऊसाहेब, आम्ही वंचित आहोत हे तुम्हाला कोणी सांगितले? आणि आमच्या वतीने बोलायला तरी कोणी सांगितले?” तिसऱ्या खेपेला कुठल्याशा पारिभाषिक यादीतून ‘अल्पप्रतिनिधित’ हा शब्द उचलला, तर तो कोणालाच कळला नाही. आता सचिवांचे म्हणणे असे की वाक्य काढून टाकावे आणि नुसते आकडे द्यावेत, कारण असे शब्द लिहिणे म्हणजे आपल्याच संस्थेवर आरोप करणे होय. वाचक विचारतात: योग्य शब्द कोणता? त्यासाठी अडून बसावे की वाक्य सोडून द्यावे? आणि पुरुष असून मी हे लिहिणे आगाऊपणाचे तर नाही ना?

उत्तर

तुमचे तीन शब्द तीन वेळा परत आले, आणि मला विचाराल तर तिन्ही वेळा ते परत येणे रास्तच होते. मात्र प्रत्येक वेळचे कारण वेगळे होते. तुमच्या पत्रात ती सगळी कारणे ‘लोकांना हा विषयच नको आहे’ या एका तक्रारीत मिसळून गेली आहेत. प्राचार्यांचा आक्षेप अर्थाच्या गोंधळाला होता, अध्यापिकाबाईंचा आक्षेप त्यांच्याविषयी परस्पर काढलेल्या निष्कर्षाला होता आणि तिसरा शब्द कोणालाच कळला नाही, कारण तो मराठीत नीट घडलेलाच नाही. विषय टाळण्याची इच्छा असलीच तर ती फक्त सचिवांच्या सूचनेत असू शकेल, आणि तिथेही ती असेलच असे मला वाटत नाही.

‘अल्पसंख्याक’ हा शब्द संख्येविषयीच बोलतो, त्यामुळे तो तुम्हाला जवळचा वाटला यात नवल नाही. पण आपल्याकडे तो शब्द कायद्याने आणि वापराने अडकून बसला आहे. राज्यघटनेच्या ३०व्या अनुच्छेदात धर्म किंवा भाषा यांवर आधारित अल्पसंख्याकांचा विचार आहे, आणि १९९२च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली अधिसूचित झालेले समाजही धर्मावरून ओळखले जातात. त्यांत २०१४ साली जैन समाजाची भर पडली. एखादा वाचक अहवालात हा शब्द पाहून आधी संस्थेच्या अल्पसंख्याक दर्जाबद्दल विचार करील. पण हा वरवरचा अडथळा झाला. मूळ अडचण अशी की, अल्पसंख्य असणे आणि एखाद्या ठिकाणी कमी असणे या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही. शंभरांत दोन असलेल्या समाजाची माणसे एखाद्या व्यवसायात शंभरांत दहा असू शकतात. ती अल्पसंख्य खरी, पण त्या व्यवसायात त्यांचे प्रमाण कमी नाही. उलट २०११च्या जनगणनेनुसार भारताच्या लोकसंख्येत स्त्रिया ४८ टक्क्यांहून अधिक आहेत, आणि २०२४ साली निवडून आलेल्या लोकसभेत ५४३ पैकी ७४, म्हणजे १४ टक्क्यांहूनही कमी. लोकसंख्येच्या जवळजवळ निम्म्या असलेल्या गटाला अल्पसंख्य म्हणता येत नाही, आणि सभागृहात त्यांची संख्या पुरेशी आहे असेही म्हणता येत नाही. तुम्हाला ज्या स्थितीसाठी शब्द हवा आहे ती नेमकी हीच आहे.

‘वंचित’ची गोष्ट निराळी. तो शब्द माणसाच्या अवस्थेविषयी बोलतो: त्याला जे मिळायला हवे होते ते मिळालेले नाही, असे तो सांगतो. (महाराष्ट्रात त्याला राजकीय रंगही आला आहे, ते सोडून देऊ.) तुमच्या संस्थेतील गणिताच्या अध्यापिकेला पद मिळाले आहे, पगार मिळतो आहे, वर्गात मान आहे. जागा न मिळालेल्या स्त्रिया असतील तर त्या संस्थेच्या बाहेर असतील, आत असलेल्या नऊ जणी नव्हेत. तुम्ही बाहेर राहिलेल्यांचे विशेषण आत आलेल्यांना लावलेत, आणि ते ज्यांना लागले त्यांनी तुम्हाला जाब विचारला. ‘उपेक्षित’ आणि ‘दुर्लक्षित’ हे शब्द सुचले असतील तर तेही बाजूला ठेवा, कारण त्यांत उपेक्षा करणारा कोणीतरी गृहीत धरलेला असतो आणि तो कोण हे तुम्ही अजून तपासलेले नाही.

तिसऱ्या शब्दाबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण पारिभाषिक शब्दांच्या याद्या वापरणाऱ्या सगळ्यांनाच हा खड्डा लागतो. ‘प्रतिनिधित’ असे विशेषण मराठी कानाला परके आहे. आपल्याकडे ‘प्रतिनिधी’ आहे, ‘प्रतिनिधित्व’ आहे आणि ‘प्रातिनिधिक’ आहे. यांतील ‘प्रातिनिधिक’ हा शब्द फसवा आहे, कारण तो नमुन्याला लागतो, माणसांच्या गटाला लागत नाही. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या आणि २० लाखांहून अधिक परत आल्या. पत्ते मुख्यतः दूरध्वनीच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेले होते, आणि उत्तर धाडण्याची तसदी घेणारेही एका बाजूचे अधिक निघाले. साप्ताहिकाने रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार लँडन जिंकणार असे सांगितले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. तो नमुना अप्रातिनिधिक होता. त्या नमुन्यात गरीब मतदारांचे प्रमाण कमी होते. ही दोन वाक्ये एकाच घटनेविषयी आहेत, पण ‘गरीब मतदार अप्रातिनिधिक होते’ असे कोणी लिहिले तर अर्थाचा अनर्थ होतो. संशोधनाचे अहवाल मराठीत लिहिणाऱ्यांच्या हातून ही चूक सर्रास होते. एकेकाळी माझ्याही हातून झाली आहे. एका सर्वेक्षणाच्या भाषांतरात मी ‘अप्रातिनिधिक जिल्हे’ असे लिहून बसले होते आणि छापून आल्यावर एका वाचकाने विचारले की, हे जिल्हे असे काय वेगळे आहेत? ते वेगळे नव्हतेच. आमचे प्रश्नकर्ते तिकडे पुरेसे फिरले नव्हते, एवढेच.

आता मुख्य शब्दाकडे. ‘प्रतिनिधी’ हा मुळात बदली ठेवलेल्या वस्तूसाठीचा शब्द आहे. यज्ञात सोम मिळाला नाही तर त्याच्या जागी पूतीक ही वनस्पती वापरावी असे सांगितलेले आहे. ती सोमाची प्रतिनिधी. मराठ्यांच्या राज्यात छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीला असताना प्रल्हाद निराजींना ‘प्रतिनिधी’ हे पद दिले, तेव्हाही अर्थ हाच होता: राजाच्या जागी उभा राहणारा. लोकसभेतला सदस्य आपला प्रतिनिधी असतो तो याच अर्थाने, कारण आपण सगळे तिथे जाऊ शकत नाही म्हणून त्याला आपल्या जागी पाठवतो आणि पाच वर्षांनी त्याला जाब विचारतो.

पण गेल्या काही दशकांत या शब्दावर आणखी एक ओझे येऊन पडले. एखाद्या व्यवसायात, यादीत किंवा वर्गात एखाद्या गटाची माणसे किती आहेत, यालाही आपण ‘प्रतिनिधित्व’ म्हणू लागलो. शब्द एकच, पण काम दोन तऱ्हेचे. पहिल्या तऱ्हेत कोणीतरी कोणाच्या तरी वतीने बोलतो. दुसऱ्या तऱ्हेत कोणी कोणाच्या वतीने काहीच करत नाही, फक्त डोकी मोजलेली असतात. (तिसरीही एक तऱ्हा आहे, चित्रात किंवा पाठात एखाद्याला कसे दाखवले आहे ही, तिला सरळ ‘चित्रण’ म्हणावे आणि या भांडणातून सोडवावे.) तुमच्या अध्यापिकाबाई चिडल्या त्या इथे, असे मला वाटते. त्या गणित शिकवायला आल्या आहेत. स्त्रीजातीची वकिली करायला त्यांना कोणी नेमलेले नाही, आणि ‘स्त्रियांचे प्रतिनिधित्व’ असे शब्द कानावर पडले की प्रत्येक समितीत, प्रत्येक छायाचित्रात आणि प्रत्येक महिला दिनाच्या व्यासपीठावर पुन्हा आपल्यालाच बसवणार, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असणार. जिथे नऊच जणी असतात तिथे हे काम फिरून फिरून त्यांच्यावरच येते. हा त्रास खरा आहे, आणि तो शब्दातूनच सुरू होतो.

म्हणून माझी पहिली सूचना. जिथे फक्त संख्येविषयी बोलायचे आहे तिथे ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द वापरूच नये. ‘प्रमाण’ किंवा ‘संख्या’ हे शब्द पुरतात. जिथे मत देण्याची, निर्णय घेण्याची, कोणाच्या तरी वतीने बोलण्याची जागा आहे, म्हणजे कार्यकारिणी, निवड समिती, विद्यार्थी परिषद अशा ठिकाणी, तिथे ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने शोभतो. तुमच्या वाक्यात अध्यापकवर्ग आहे, म्हणून तिथे ‘प्रमाण’.

पण कमी म्हणजे किती कमी? मराठीत यासाठी एक अगदी रोजचा शब्दप्रयोग आहे, तो तुमच्या तिन्ही मसुद्यांत कुठेच नव्हता: ‘त्या मानाने’. उंचीच्या मानाने वजन कमी, कष्टांच्या मानाने मोबदला कमी. ‘मान’ म्हणजे माप. (आदर या अर्थाचा ‘मान’ वेगळ्या धातूपासून आला आहे, पण या वादात दोन्ही एकमेकांच्या पायात येतात खरे.) कशाच्या मानाने हे सांगितल्याशिवाय ‘कमी’ हा शब्द अर्धवट राहतो, आणि मराठी वाक्य ती उणीव लगेच उघडी पाडते. म्हणूनच या स्थितीसाठी मराठीत एकच आटोपशीर विशेषण नाही याचे मला फारसे वाईट वाटत नाही. विशेषण असते तर ते कोणालाही चिकटवून पुढे जाता आले असते. वाक्य लिहायचे म्हटले की कोणाचे, कुठे आणि कशाच्या मानाने हे तिन्ही सांगावे लागते.

तुमच्या ४० पैकी ९ या आकड्याला आपण हे प्रश्न विचारून पाहू. ९ म्हणजे साडेबावीस टक्के. विद्यार्थिनींच्या मानाने हे प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. पण विद्यार्थिनी काही उद्या अध्यापक होणार नाहीत. म्हणून त्या-त्या विषयांत अध्यापकपदाची पात्रता असलेल्यांत स्त्रिया किती, हा दुसरा मापदंड. गेल्या काही वर्षांत तुमच्या जाहिरातींना आलेल्या अर्जांत स्त्रियांचे किती होते, हा तिसरा. आणि मुलाखतीला बोलावलेल्यांत किती, हा चौथा. चारही मापांनी उत्तर वेगवेगळे येऊ शकते, आणि चारही उत्तरे खरी असू शकतात. तिसरा आणि चौथा आकडा तुमच्या कार्यालयातल्याच कपाटात आहे. तो काढायला कोणाची परवानगी लागत असेल तर ती मागा, पण तो न पाहता वाक्य पक्के करू नका.

‘कुठे’ हा प्रश्न तर याहून चिवट आहे. त्या नऊ जणींपैकी कायम नेमणुकीवर किती आणि तासिका तत्त्वावर किती? नऊपैकी सहा जणी तासिका तत्त्वावर निघाल्या तर ४० पैकी ९ हा आकडा खोटा ठरत नाही, पण तो जे दाखवायचे तेच झाकतो. सर्वोच्च न्यायालयापुढे पदोन्नतीतील आरक्षणाच्या संदर्भात हाच मुद्दा आला होता, आणि जानेवारी २०२२ मध्ये जर्नैल सिंग प्रकरणात न्यायालयाने सांगितले की प्रतिनिधित्व अपुरे आहे का हे संपूर्ण सेवा एकत्र धरून न मोजता त्या-त्या संवर्गात, म्हणजे एका दर्जाच्या पदांच्या गटात, मोजावे लागेल. तुमच्या अहवालाला हा निकाल लागू नाही, पण त्यातली समज उपयोगी आहे. विभागप्रमुख सहापैकी एक, हे वेगळे वाक्य व्हावे. ते अध्यापकांच्या आकड्यात विरघळू देऊ नये. मात्र सहा ही संख्या इतकी लहान आहे की तिथे टक्केवारी काढणे हास्यास्पद होईल. ‘सहा विभागप्रमुखांपैकी एक स्त्री आहे’ असे लिहावे आणि थांबावे.

आता ‘अपुरे’. तुम्हाला आणि बहुतेकांना ‘कमी’ आणि ‘अपुरे’ हे शब्द एकाच अर्थाचे वाटतात, तसे ते नाहीत, आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा फरक मला हाच वाटतो. ‘अपुरे’ हा शब्द पुरण्यावरून आला आहे. अंथरूण अपुरे आहे की नाही हे शेजाऱ्याच्या अंथरुणाशी ताडून ठरत नाही, आपले पाय किती लांब आहेत यावरून ठरते. म्हणजे ‘कमी’ला ‘कशाच्या मानाने’ असे विचारावे लागते आणि ‘अपुरे’ला ‘कशासाठी’ असे विचारावे लागते. पहिले माप आहे, दुसरा निवाडा.

आपल्या राज्यघटनेत हे दोन्ही विचार वेगवेगळे वापरलेले दिसतात. लोकसभेत अनुसूचित जाती आणि जमातींसाठी राखीव जागा किती, हे ३३०वा अनुच्छेद लोकसंख्येच्या प्रमाणावर सोपवतो. पण सरकारी सेवांतील आरक्षणाविषयीचा १६(४) हा अनुच्छेद प्रमाणाची भाषा करत नाही. ज्या मागासवर्गाला राज्याच्या मते सेवांमध्ये पुरेसे प्रतिनिधित्व नाही, त्याच्यासाठी तरतूद करता येईल, असे तो म्हणतो. मंडल आयोगाच्या आरक्षणाविषयीच्या १९९२च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला की, तिथे अभिप्रेत आहे ते पुरेसे प्रतिनिधित्व, प्रमाणशीर प्रतिनिधित्व नव्हे. आणि मे २०२१ मध्ये मराठा आरक्षणाच्या निकालात हाच भेद पुन्हा मांडला गेला. त्या निकालांविषयी आपली मते काहीही असोत, त्यांतला शब्दांचा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र ३३१व्या अनुच्छेदाचे आहे. अँग्लो-इंडियन समाजाला लोकसभेत पुरेसे प्रतिनिधित्व नाही असे राष्ट्रपतींचे मत झाल्यास त्यांनी त्या समाजाचे जास्तीत जास्त दोन सदस्य नेमावेत, अशी ती तरतूद होती आणि जानेवारी २०२० पर्यंत ती चालली. हा समाज इतका लहान, की लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर त्याच्या वाट्याला एकही जागा येऊ नये. त्याचा आवाज सभागृहात उमटावा या हेतूसाठी शून्य अपुरे होते आणि दोन पुरेसे. उलट बाजूने पाहायचे तर ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी एक तृतीयांशाहून कमी नाहीत इतक्या जागा राखल्या. स्त्रिया लोकसंख्येच्या एक तृतीयांश नाहीत हे ती दुरुस्ती करणाऱ्यांना माहीत होतेच. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत ते ५० टक्के केले. म्हणजे पुरेसे किती, हा आकडा गणिताने निघत नाही. तो कोणीतरी ठरवतो आणि ठरवल्याचे कारण त्याला द्यावे लागते.

तुमच्या कामापुरता याचा अर्थ असा की अहवालाच्या माहितीच्या भागात ‘कमी’ लिहिण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, कारण ते मोजलेले आहे. ‘अपुरे’ लिहिण्याचा अधिकार मात्र अहवाल लिहिणाऱ्याला एकट्याला नसतो. ते लिहायचे तर संस्थेने, म्हणजे तिच्या व्यवस्थापन समितीने, कशासाठी अपुरे हे सांगायला हवे: विद्यार्थिनींना अडचणी मोकळेपणाने सांगता याव्यात म्हणून? निवड समितीत एकाच तऱ्हेच्या अनुभवाची माणसे नसावीत म्हणून? असा ठराव झाला तर तो शब्द शिफारशींच्या भागात यावा. तोवर नको.

सचिवांच्या ‘आरोप’ या शब्दाकडे वळते. त्यांचे बोलणे मी पूर्णपणे उडवून लावणार नाही. प्रमाण कमी आहे हे निरीक्षण आहे, त्यात कारण सांगितलेले नसते; पण वाचणारा कारण मनात घालूनच वाचतो, आणि तुम्हीही थोडेसे तसेच लिहिले असावे, नाहीतर ‘वंचित’पर्यंत पोहोचला नसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथे १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. एवढ्यावरून पक्षपात उघड दिसतो. पण १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विभागवार आकडे पाहिले, तेव्हा बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध झुकाव दिसला नाही. जिथे प्रवेश मिळणे सर्वांनाच अवघड होते अशा विभागांत स्त्रियांचे अर्ज अधिक होते. मग प्रश्न संपला का? नाही, तो सरकला. स्त्रिया त्या विभागांकडे अधिक का वळल्या, इतर विषयांची वाट त्यांना आधीच कुठे बंद झाली होती, हे विचारावे लागले. तुमच्याकडेही असेच होऊ शकते. अर्जांतच स्त्रिया वीस-बावीस टक्के असतील तर निवड समितीकडे बोट दाखवता येणार नाही. मग जाहिरात कुठे पोहोचते, कोणत्या विषयांच्या जागा निघतात, हे पाहावे लागेल. अर्ज निम्मे स्त्रियांचे असतील आणि नेमणुका साडेबावीस टक्के, तर मात्र चाळणी तुमच्या आवारातच आहे आणि सचिवांनाही ते जाणून घ्यावेसे वाटायला हवे.

‘नुसते आकडे द्या’ या सूचनेचे काय? तुम्हाला ती पळवाट वाटते. मला ती अर्धी पळवाट आणि अर्धी चांगली सूचना वाटते. पूर्ण तक्ता दिलात, म्हणजे पदनिहाय, नेमणुकीच्या प्रकारानुसार, विद्यार्थ्यांच्या आणि अर्जदारांच्या आकड्यांसह आणि गेल्या पाच वर्षांचा, तर तो तक्ता कुठल्याही विशेषणापेक्षा अधिक बोलेल, आणि मी तुमच्या जागी असते तर तक्ता आणि वाक्य यांत निवड करायची वेळ आल्यास वाक्य सोडून तक्ता घेतला असता. पण ‘अध्यापक: पुरुष ३१, स्त्रिया ९’ एवढीच ओळ द्यायची असेल तर ते तटस्थ राहणे नव्हे. ताडून पाहण्याचे माप काढून घेतले की आकडा मुका होतो, आणि कोणते माप काढून घ्यायचे हे कोणीतरी ठरवलेलेच असते. म्हणून सचिवांना सांगा: आकडेच देऊ, पण सगळे देऊ. ते यालाही नाही म्हणाले तर तुमच्या पत्रातली शंका खरी होती असे समजा, आणि तेवढ्या एका वाक्यासाठी अडून बसायला हरकत नाही. ते वाक्य मी असे लिहीन:

‘संस्थेतील ४० अध्यापकांपैकी ९ स्त्रिया आहेत. विद्यार्थ्यांमध्ये मुली निम्म्याहून अधिक आहेत. त्या मानाने अध्यापकांमधील स्त्रियांचे प्रमाण कमी आहे. सहा विभागप्रमुखांपैकी एक स्त्री आहे. अर्ज, निवड आणि नेमणूक यांचे पाच वर्षांचे आकडे पुढील तक्त्यात दिले आहेत.’

यात कोणावर आरोप नाही, कोणाला विशेषण नाही, आणि लपवलेलेही काही नाही. ‘कमी आहे’ हे प्रमाणाला लागले आहे, स्त्रियांना नाही. अपंग अध्यापक, विशिष्ट भाषा बोलणारे विद्यार्थी, ग्रामीण भागातून आलेले कर्मचारी यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनाही ही घडण चालेल. उणेपणा जागेत दाखवावा, माणसात दाखवू नये.

पुरुष असून लिहावे का, असे तुम्ही विचारता. आकडा तुम्हाला दिसला, कारण यादी तुमच्या टेबलावर होती. तो नोंदवायला तुम्ही स्त्री असण्याची गरज नाही, आणि नऊच जणी असताना तेही काम त्यांच्यावरच टाकणे मला तरी बरे वाटत नाही. मात्र त्या नऊ जणींना काय वाटते हे तुम्ही लिहू लागलात तर ते ‘वतीने बोलणे’ झाले, आणि तिथे बाईंचा प्रश्न बिनतोड आहे. मोजणे तुमचे, वाटणे त्यांचे. छपाईला जाण्यापूर्वी वरचा मजकूर त्यांना दाखवा; परवानगी म्हणून नव्हे, गणिताच्या जाणकार म्हणून. तक्त्यातले माप चुकले असेल तर ते सर्वांत आधी त्यांनाच दिसेल. त्या ‘मला यात पडायचे नाही’ म्हणाल्या तर तेही मान्य करा आणि दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. आणि कृपा करून त्या नऊ जणींचे एकत्र छायाचित्र मुखपृष्ठावर छापू नका. अशी कल्पना कोणीतरी मांडणारच आहे.

दोन किरकोळ गोष्टी. तक्त्यावर आकडे कोणत्या तारखेचे आहेत ते लिहा, कारण तासिका तत्त्वावरील नेमणुका सत्रागणिक बदलतात आणि पुढच्या वर्षी ताडून पाहणाऱ्याला तारखेवाचून काहीच करता येणार नाही. आणि पुढेमागे समितीच्या संदर्भात तो शब्द लिहायची वेळ आलीच, तर ‘प्रतिनिधी’तला धी दीर्घ असला तरी ‘प्रतिनिधित्व’ आणि ‘प्रतिनिधिमंडळ’ यांत तो ऱ्हस्व होतो. तुमच्या पत्रात तो तिन्ही ठिकाणी दीर्घ पडला आहे.